लव्हबर्ड, माग आणि मला बघायला आलेले लोक

आमच्या घरात कुणी कुणाच्या कानात काही सांगितल्याचं मला आठवत नाही. सांगून उपयोगच नव्हता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत बहुतेक घरांच्या पाठीला मागांची शेड चिकटलेली असायची, तशी आमच्याही होती. आठ माग, वर पत्रा, आणि शेड नि स्वयंपाकघर यांच्या मधे एकच भिंत. सकाळी सातला वडील बटण दाबायचे आणि त्यानंतर माणसाचा साधा आवाज घरातून नाहीसा व्हायचा. आठ मागांचे आडवा धागा ओढणारे आठ धोटे इकडून तिकडं धावायचे आणि त्यांच्यातला एकही दुसऱ्याशी ताल धरून चालत नसे. मांडणीवरची स्टीलची भांडी दिवसभर बारीक थरथरायची. दुपारी जेवायला बसलं की वाटीतलं चिंचेचं कच्चं सार आपोआप हलत असायचं. "मीठ दे" हे दोन शब्दसुद्धा आम्ही असे बोलायचो की नवख्या माणसाला वाटावं, घरात वाटणीचं भांडण लागलंय. बाहेरगावचे पाहुणे पहिल्या दिवशी हसायचे आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसायचे. तिसऱ्या दिवशी थांबलेला पाहुणा मी पाहिलेला नाही.

ओरडून ओरडून किती ओरडणार? घसा बसतो. म्हणून आम्हा सगळ्यांना ओठ वाचता यायचे. आई शेडच्या दारात उभी राहून नुसते ओठ हलवायची आणि शेवटच्या मागावरचा कामगार हात पुसत जेवायला उठायचा. मी शाळेत पहिल्या बाकावर बसायचे ती हुशारी म्हणून नव्हे, तर बाईंचं तोंड नीट दिसावं म्हणून. लोक एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलतात, आम्ही ओठांकडं बघून बोलायचो. आमची घरची बोली तेलुगू. वडिलांना आम्ही नान्ना म्हणायचो, आईला अम्मा, थोरल्या भावाला अन्ना आणि त्याच्या बायकोला वदिना. गल्लीत आणि कामगारांशी सोलापुरी मराठी. दोन्ही भाषा आम्ही एकाच पट्टीत बोलायचो, आणि ती पट्टी वरची होती. इथं मात्र सगळ्यांचं बोलणं मी मराठीतच लिहिते आहे, कारण आता मला स्वतःलाच नीट आठवत नाही की कोण कुठल्या भाषेत ओरडलं होतं.

मी कॉलेजात झूऑलॉजी घेतलं तेव्हा घरात कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. "जनावराचं शिकती" असं अम्मा शेजारणींना सांगायची. त्या बिचाऱ्या बरेच दिवस आपल्या म्हशींची दुखणी घेऊन माझ्याकडं यायच्या. दुसऱ्या वर्षाला असताना मी बाजारातून लव्हबर्डच्या दोन जोड्या आणल्या. लव्हबर्ड म्हणजे आपल्याकडं ज्यांना सगळे तसं म्हणतात ते छोटे पोपट, हिरवे आणि निळे. मी पिंजरा ओसरीवर टांगला, आत तोंडाला भोक पाडलेली दोन मडकी बांधली, राळे घातले, पाणी घातलं, कोथिंबीर घातली, आणि वहीत तारीख टाकून अंड्यांची वाट बघत बसले. दीड वर्षं बसले. पाखरं खायची, एकमेकांकडं पाठ करून दांडीवर बसायची आणि मडक्याकडं ढुंकूनही बघायची नाहीत. आठवड्याच्या सुटीला माग बंद असले की निळा नर थोडासा गुणगुणायचा, दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले की गप्प व्हायचा. गल्लीतल्या लोकांना हा विषय फार आवडला. येणारा-जाणारा पिंजऱ्यापाशी थांबून "काय, हालचाल?" असं विचारून जायचा. अन्ना म्हणायचा, "चारीच्या चारी नर हायत, तुला फसवलं त्यानं." मी त्याला नाकावरचा रंग दाखवायचे, नराचा निळा, मादीचा तपकिरी. तो म्हणायचा, "मग त्यास्नी नाकं बघायला सांग की."

नान्नांचं म्हणणं वेगळंच होतं. "पाखरं तुझ्यावर गेलीत. अभ्यास संपल्याबिगर लगीन करत न्हाईत."

यात थट्टा होती तशी काळजीही होती. आमच्या समाजात त्या वेळी माझ्या वयाच्या मुलींच्या कडेवर एकेक पोर असायचं, आणि मला बघायला येणारे लोक चहा पिऊन जात ते परत येत नसत. याचं कारण मी आज छातीठोकपणे सांगू शकते. कारण होतं माझ्या मामाचा जुळे सोलापुरातला फ्लॅट. मामा सरकारी नोकरीत. मुलगी दाखवायची तर चांगल्या, शांत ठिकाणी, मागांच्या खडखडाटात नव्हे, हा त्याचा आग्रह. त्या फ्लॅटमध्ये पंख्याचाही आवाज यायचा नाही. सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर, टीपॉयवर फुलं, आणि सगळे लोक असे हळू बोलायचे की आतल्या खोलीत कुणी आजारी असावं. पहिल्या वेळी मी ट्रे घेऊन आले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चहा घ्या!" मुलाच्या आजोबांनी दचकून अर्धा चहा धोतरावर सांडला. दुसऱ्या वेळी मामीनं इतकी ताकीद दिली होती की मी पुटपुटले. मुलाकडच्यांनी नंतर निरोप पाठवला, मुलीला थंडी-ताप येतो का, रक्त तपासून घ्या. तिसऱ्या वेळी आवाज बरोबर जमला, पण मुलाची आत्या जाताना अम्माला म्हणाली, "मुलगी चांगली हो, पण ती आमच्या मुलाच्या तोंडाकडंच बघत होती. सारखी. आम्हालाच लाज वाटली." आता तिला कसं सांगणार, की बाई, मी त्याचं बोलणं ऐकत होते!

तिसऱ्या नकारानंतर नान्नांनी घरात ती गोष्ट काढली जिला मी घाबरत होते. भिवंडीला आमच्या लांबच्या नात्यात एक बिजवर होता. चांगला माणूस, चार माग, पाच वर्षांची मुलगी. त्याचे लोक मला न बघताच तयार होते. नान्नांनी कार्ड लिहून खिशात ठेवलं होतं. "आजून एक ठिकाण बघू," ते म्हणाले, "न्हाई जमलं तर हे कार्ड टाकीन." त्या माणसाबद्दल माझ्या मनात काही वाईट नव्हतं. पण भिवंडी म्हणजे एम.एस्सी. गेलं, कॉलेज गेलं, आणि मी न निवडलेलं आयुष्य एका पोस्टकार्डावर ठरलं. रोज सकाळी ते सदरा घालायचे तेव्हा मी खिशाकडं बघायचे.

आणि मग गल्लीतली डीपी, म्हणजे खांबावरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. दुपारी मोठा आवाज झाला, खांबावरून ठिणग्या पडल्या आणि सगळ्या गल्लीचे माग एकदम थांबले. नवी डीपी आज येते, उद्या येते असं करत वीस दिवस गेले. दिव्यांपुरती लाइन पलीकडच्या गल्लीतून ओढली, पण माग काही त्यावर चालेनात. कामगार घरी बसले. पहिले दोन दिवस आम्ही तसेच ओरडत होतो. अम्मा "कोथिंबीर आण" म्हणाली की तिसऱ्या घरातली बाई कोथिंबीर घेऊन यायची. तिसऱ्या दिवसापासून एकेकाचा आवाज खाली यायला लागला. सुटीच्या एका दिवसात आमचे घसे कधी खाली यायचे नाहीत, त्यामुळं मला तर घरातले काही आवाज आता प्रथमच ऐकू आले. फोडणीतल्या मोहरीचा. अम्माच्या बांगड्यांचा. नान्ना चहा पिताना किती सुर्रकन आवाज करतात याचा. अम्मानं तो पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला आणि लगेच त्यावरून बोलणीही घातली. मग दोघं ओसरीवर बसून तासन्‌तास काहीतरी बोलायला लागली. नान्नांना इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं, अम्मालाही नसावं. भाकरी थापताना वदिना गाणं म्हणायची, आणि एरवी शेडमधून न हलणारा अन्ना दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचा. सोलापुरात नोव्हेंबरात एवढी तहान कुणाला लागत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी निळा नर मादीजवळ सरकला आणि तिच्या कानाशी अगदी हळू, न थांबता बडबडायला लागला. ती डोळे अर्धे मिटून ऐकत राहिली. दुसऱ्या जोडीनं ते ऐकलं आणि त्यांचंही सुरू झालं. नर मादीला दाणे भरवायला लागले. मादी मडक्यात डोकं घालून बघायला लागली, मग आत जाऊन बसायला लागली. पंधराव्या दिवशी मी मडक्यात बॅटरी मारली तर आत एक पांढरं अंडं होतं. मी इतक्या जोरात ओरडले की पुन्हा तिसऱ्या घरातली बाई धावत आली.

कॉलेजात मी आमच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाखरू वाटेल तेव्हा जोडी जमवत नाही. आजूबाजूला बघतं, ऐकतं, आणि सगळं मनासारखं असेल तरच त्याचं अंग तयार होतं." आता माझी भाची, अन्नाची मुलगी, हेच काम बंगलोरला एका मोठ्या प्रयोगशाळेत करते. ती फोनवर मला समजावते: आत्या, नराची ती हळू बडबड मादीच्या कानावर पडली की तिचा मेंदू पोटाकडं निरोप धाडतो, अंडं धरायची वेळ झाली म्हणून. अंधारी जागा, भरपूर दाणा, शेजारच्या जोडीचा आवाज, सगळ्याची मेंदू बेरीज करतो. आवाजच पोचला नाही तर निरोपही जात नाही. मी म्हणते, बाई गं, मला हे माहीत आहे. तुझी जन्मतारीख बघ आणि डीपी जळाली तिथपासून नऊ महिने मोज. त्यावर ती फोन ठेवते.

डीपी आली, माग पुन्हा सुरू झाले. पिंजरा मी गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवला आणि अंडी वाचवली, पुढं त्यांतून पिल्लंही निघाली. पण माझ्या डोक्यात काहीतरी पक्कं झालं होतं. चौथं ठिकाण आलं तेव्हा मामानं फ्लॅट झाडून ठेवला. मी नान्नांसमोर उभी राहिले.

"मी तिकडं जानार न्हाई. हितंच बघू देत. माग चालू असताना."

"येडी हायस काय? त्यास्नी काय ऐकू येनार?"

"नान्ना, पाखरास्नी शांत लागलं, तवा त्यांचं जमलं. मला शांतीत काय बोलायला येत न्हाई. माजी जागा ही हाय. मी जशी हाय तशी हितंच दिसंल. मग न्हाई म्हनाले तर कार्ड टाका. मी काय बोलनार न्हाई."

शेवटचं वाक्य म्हणताना माझा आवाज फाटला. नान्ना थोडा वेळ माझ्या ओठांकडं बघत राहिले, जणू पुढं अजून काही येणार आहे. मग "बरं" म्हणाले. मामा आठ महिने आमच्याशी बोलला नाही.

ते लोक सकाळी दहाला आले. मुलगा व्यंकटेश, माढ्याला एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. वडील मागावर काम करायचे, ते वारून सहा वर्षं झालेली. सोबत त्याची आई, लक्ष्मम्मा. या बाईंची कीर्ती आमच्या समाजात आधीच पोचलेली होती. उंच, ताठ, तोंडावर एक रेघ हलत नाही. एका लग्नात त्यांनी पुरी उलटीपालटी करून ताटात परत ठेवली होती, आणि त्या आचाऱ्याला पुढं वर्षभर काम मिळालं नव्हतं, असं लोक सांगायचे. आमच्या घरात आल्यावर त्यांनी चिवड्याचा एक दाणा तोंडात घातला, बशी बाजूला सरकवली आणि स्वयंपाकघरात बायकांमध्ये भिंतीला पाठ न टेकता बसून राहिल्या.

"तुमी दोघं बोला," असं अन्ना ओठांनी म्हणाला आणि आम्हाला ओसरीवर दोन खुर्च्यांत बसवून निघून गेला. शेड चार पावलांवर, आठही माग जोरात. मी मान वर केली आणि बघितलं, तर तो माणूस माझ्या ओठांकडं बघत होता. आल्यापासून त्यानं माझ्या डोळ्यांकडं एकदाही बघितलं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी खुर्चीत नीट टेकून बसले.

"पुढं शिकायचंय म्हनं?" तो ओरडला.

"व्हय! दोन वर्षं!"

"शिका की! पाखरं दिसंनात ती कुटं हायत?"

"गच्चीवर! पिल्लं हायत पाच!"

"मला दाखवा! काढीन मी!"

त्यानं हवेत बोटानं पिल्लू काढून दाखवलं. अशी दहा-पंधरा मिनिटं गेली. मी हसत होते, ओरडत होते, आणि हे सगळं मला फार सोपं जात होतं. मग त्यानं विचारलं, "तुमाला काय सांगायचं असंल तर सांगा! मनात ठिवू नका!" मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. छातीत दम भरला आणि सगळ्या ताकदीनं सांगायला लागले. वाक्याचा पहिला अर्धा भाग मागांच्या आवाजात गेला. आणि नेमकी त्याच क्षणाला लाइट गेली. आठही माग जागच्या जागी थांबले, आणि त्या शांततेत माझा उरलेला अर्धा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला:

"तुमच्या आईची मला लई भीती वाटती!"

शेडच्या दारात चार कामगारांची डोकी आली. स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातातलं भांडं पडलं. नान्ना अंगणात उभे होते, त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. तो हात मी बघितला आणि मला समजलं की संपलं. खडखडाटाची हौस मीच केली होती.

लक्ष्मम्मा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या मागून अम्मा, "तसं न्हाई हो, तिचं बोलनंच तसलं हाय, पोर मनानं लई चांगली हाय," असं म्हणत. लक्ष्मम्मांनी हातानं तिला थांबवलं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भीती कशाची वाटती?"

आता आडोशाला माग नव्हते. ओरडायचं कारण नव्हतं आणि पुटपुटायची सोय नव्हती. "तुमी हसत न्हाई," मी म्हणाले. "तुमाला काय आवडलं, काय न्हाई, कळतच न्हाई."

त्या म्हणाल्या, "मी चवदाव्या वर्षी मागाच्या घरात आले. माज्या सासूची मलाबी भीती वाटायची. मी ते कुनालाच बोलले न्हाई. ती मेली तरी बोलले न्हाई." मग मुलाकडं वळून, "ह्येनंबी मला कदी सांगितलं न्हाई. सगळी गप बसत्यात आन मला वाटतं, सगळं बरं चाललंय."

व्यंकटेश उभा राहिला होता. "अम्मा, त्याच्या आदी ती दुसरं बोलली," तो आपल्या आईला म्हणाला. "मागात तुमाला ऐकू आलं न्हाई. मला कळलं."

"काय बोलली?"

त्याचे कान लाल झाले. तो कामगारांकडं बघायला लागला, मग माझ्याकडं, मग जमिनीकडं. लक्ष्मम्मा मला म्हणाल्या, "तूच सांग पोरी. आत्ता म्हन, समद्यांसमोर."

अंगणात नान्ना, दारात अम्मा नि वदिना, शेडच्या तोंडाशी चार कामगार, आणि कुंपणापलीकडं तिसऱ्या घरातली बाई. मी फक्त त्याच्याकडं बघून म्हणाले, "तुमी मला आवडलात, असं म्हनाले."

"आन तू?" लक्ष्मम्मांनी मुलाला विचारलं.

"मलाबी," तो म्हणाला.

नान्नांनी खिशातून कार्ड काढलं, बघितलं आणि अम्माच्या हातात दिलं. "चुलीत घाल," म्हणाले. "भिवंडीला मी सोता जाऊन हात जोडून सांगून येतो." अम्मा ते कार्ड हातात धरून रडत उभी राहिली. मीही रडले, सगळ्यांसमोर, मोठ्यानं, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

मी लक्ष्मम्मांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला दंडाला धरून वर उठवलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसवलं. स्वतः समोरच्या खुर्चीत बसल्या. वदिनाला हाक मारून आपली मघाची बशी मागवली आणि मांडीवर घेतली.

"आता सांग मला," त्या म्हणाल्या, "मी लोकास्नी कशी दिसती? खरं सांग. घरात कोन सांगत न्हाई."

मी सांगितलं. पुरीची गोष्टसुद्धा सांगितली, अगदी आचाऱ्याच्या बेकारीसकट. त्या खाली मान घालून चिवडा खात ऐकत होत्या. आचाऱ्यापर्यंत आल्यावर त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडायला लागल्या. पण त्या हसत होत्या, तोंडावर पदर घेऊन, आणि त्यांना ते थांबवता येत नव्हतं. व्यंकटेश खांबाला धरून त्यांच्याकडं नुसता बघत उभा होता. त्यानं आईला हसताना बघितलं ते वडील गेल्यापासून पहिल्यांदाच.